डॉलर, बेदाणा आणि ब्रोकर

सांगलीत हळदीचा भाव पानटपरीवरही कळतो. आता तिथंच डॉलरचाही निघतो. मी बेदाणा निर्यातदारांचे हिशेब बघते, म्हणून विश्रामबागेतली पोरं मोबाईल पुढं करतात, "ताई, हे डॉलरच्या सौद्याचं ॲप खरं का?"

मी आधी बघते, पैसे कुठं भरायला सांगतात. कुणाचं खासगी खातं किंवा क्रिप्टो म्हटलं की विषय संपला. भारतात राहणाऱ्याला चलनाचे फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे, एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा अधिकृत बँकेसारख्या परवानगी असलेल्या ठिकाणीच करता येतात. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक 'आयएनझेड'नं सुरू होतो. तो सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर जाऊन ताडायचा, ॲपवरचा फोटो बघून नाही. रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी काढते, पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे.

डॉलर-रुपयाचा लॉट, म्हणजे एका सौद्याचं माप, १,००० डॉलरचा. भाव २५ पैसे हलला की २५० रुपये इकडचे तिकडं. मार्जिन, म्हणजे आधी भरायची अनामत, थोडं लागतं म्हणून पोरं हुरळतात. तोटा मात्र अख्ख्या लॉटवर. शिवाय रुपयाच्या सौद्यामागं खरी परकी देणी-घेणी असावी लागतात. तासगावच्या व्यापाऱ्याला दुबईहून डॉलर यायचेत, त्याचं ठीक. मेसचं बिल थकवणाऱ्याकडं ती कुठली?