पावरी संमतीपत्र आणि माझे सहा महिने

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं झटपट तपासणी किट सातपुड्यात कितपत खरं उतरतं, हा माझा एमडीचा विषय. बोटातून रक्ताचा एक थेंब, पट्टीवर रेघा, थोड्याच मिनिटांत उत्तर. त्याच माणसाचा दुसरा नमुना जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये एचपीएलसीला (प्रयोगशाळेतल्या मोठ्या मशीनवरची खात्रीची तपासणी) पाठवायचा आणि दोन्ही उत्तरं ताडून बघायची. विषय, सरांची सही, नमुन्यांची संख्या, सगळं पंधरा दिवसांत झालं. मग फाईल एथिक्स कमिटीकडे, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे गेली आणि सहा महिने तिथेच राहिली.

अडलं ते संमतीपत्रापाशी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भिल आणि पावरा लोक. मराठी फॉर्म वाचून दाखवला तर माना डोलावतात, पण त्याला समजून दिलेली संमती म्हणता येत नाही. म्हणून मी पावरा लोकांच्या पावरी बोलीतला मजकूर देवनागरीत लिहून जोडला होता. फाईल परत आली: ‘अधिकृत अनुवादकाचे प्रमाणपत्र जोडावे.’ पावरीचा अधिकृत अनुवादक आणायचा कुठून? आठ-दहा ठिकाणी विचारलं, कुणी सापडलं नाही. तसं लिहून दिलं. मीटिंग दोन महिन्यांतून एकदा. पुढच्या वेळी उत्तर आलं, ‘त्रुटी कायम’. दोनच शब्द! नेमकं काय हवंय म्हणून खिडकीवर गेले, तर “पुढच्या मीटिंगला ठेवू, मॅडम.” पुढच्या मीटिंगला कोरमच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान पाच सदस्य लागतात आणि नुसते डॉक्टर चालत नाहीत, बाहेरचे लोकही लागतात. नियम चांगलाच आहे. पण मीटिंग झाली नाही हे मला आठवड्याने कळलं, तेही मीच फोन केला म्हणून. त्याचा राग अजून गेलेला नाही. इकडे रोज कपाट उघडलं की किटच्या खोक्यावरची एक्स्पायरी दिसायची.

(किट एकदम घेऊ नका. मंजुरी हातात आल्यावरच घ्या, आणि लॉट नंबर लिहून ठेवा. माझा पहिला लॉट वाया गेला.)

शेवटी कमिटीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी वाट दाखवली. ते म्हणाले, “शिक्का सोडा बाई. एकाने मराठीचं पावरी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता त्या पावरीचं परत मराठी करायचं. दोन्ही मराठी शेजारी ठेवून आणा.” धडगावकडचे दोन पावरा शिक्षक मिळाले. परत आलेलं मराठी वाचलं आणि मी गप्पच झाले. ‘आपण कधीही अभ्यासातून बाहेर पडू शकता’ याचं झालं होतं ‘तुम्हाला बाहेर जावं लागेल’. हा फॉर्म वाचून दाखवला असता तर लोक उठूनच गेले असते. कमिटीची शंका खरी होती, फक्त ती धड सांगायला त्यांनी सहा महिने लावले.

फॉर्मपेक्षाही मोठं काम केलं तिथल्या आशाताईंनी. त्या घरोघर सांगायच्या, “परीक्षा तुमची नाही, या पट्टीची आहे. मोठ्या मशीनचं उत्तर आणि हिचं उत्तर जुळतं का, ते बघायचंय.” मला तीन पानांत जमलं नव्हतं ते. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. आपल्या टीममधला चालत नाही. शाईचा पॅड विसरू नका.

सीटीआरआयची (अशा अभ्यासांची देशपातळीवरची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी पहिला नमुना घेण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे अभ्यास सुरू होण्याआधी केलेली नोंदणीच घेतात, आणि कमिटीचं पत्र जोडावं लागतं. म्हणजे सगळं पुन्हा त्याच फाईलवर येतं.

आणखी एक, जे प्रोटोकॉलमध्ये मी उशिरा घातलं: गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर तो माणूस घेऊ नका. दुसऱ्याच्या रक्ताने दोन्ही तपासण्या फसतात. पट्टी वाचणाऱ्याला एचपीएलसीचं उत्तर आधी कळता कामा नये. नंदुरबारच्या मे महिन्यात किटच्या पेटीत थर्मामीटर ठेवा. आणि जुन्या सोल्युबिलिटी टेस्टवर (द्रावणात रक्त टाकून ते गढूळ होतं का बघायची तपासणी) थांबू नका. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिला वेगळं करता येत नाही. पाड्यावरच्या आईला नेमकं तेच कळायला हवं असतं.

पावरी मजकूर आणि परतीचं मराठी, दोन्ही मी नीट ठेवलंय. सातपुड्यात अभ्यास करणाऱ्या कुणालाही देईन, पण तुमच्या पाड्यावर एकदा वाचून बघा. बोली दरीगणिक थोडी बदलते.