कथा सोडून स्वतःविषयी का लिहितो

“तुम्ही कथा चांगल्या लिहीत होता, मग हे स्वतःविषयीचे लेखन कशाला?” हा प्रश्न मला सांगलीत इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटते. पूर्वी मी इथलाच दाखला देत असे: १८९८ साली सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी कादंबऱ्यांच्या बरोबरीने लघुनिबंधही लिहिले, मग हे लेखन हलके कसे? दाखला खरा आहे, पण माझे कारण ते नव्हे; मी त्याच्या आड उभा राहत होतो.

कारण ऑगस्ट २०१९ मधले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा बाबांनी गावभागातून मला पुण्याला फोन करून “निघू का?” असे विचारले. २००५ च्या पुरात पाणी आमच्या जोत्याला लागून परतले होते, तेवढ्या आधारावर मी त्यांना “थांबा, एवढ्यात घाई करू नका” असे सांगितले. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाबांनी वीज नसलेल्या माडीवर दोन रात्री एकट्याने काढल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना बोटीतून बाहेर आणले. पुढच्या वर्षी ते गेले. त्या फोनचा उल्लेख त्यांनी कधीही केला नाही.

त्यावर मी कथा लिहिली. कथेतला मुलगा रात्रीच निघतो, रस्ते बंद असताना वाट काढत पोहोचतो आणि पाणी जोत्याला लागण्याआधी वडिलांना हाताला धरून बाहेर आणतो. ती वाचून अक्का म्हणाली, “मुलगा फार गुणी आहे रे. पण बाबांना ‘थांबा’ कोण म्हणालं होतं, ते कुठं आलंय?” मी तिच्याशी भांडलो; कथाकाराला तेवढे स्वातंत्र्य असते, हे तासभर समजावत राहिलो. ते असतेच, आजही मी तेच म्हणेन. मात्र मी ते कशासाठी वापरले हे तिला कळले होते, आणि मलाही. लेखात ‘मी’ असे लिहिले की अक्का शेजारी बसून वाचते आहे असे मला वाटते, आणि तिने तसे बसावे याची मला गरज आहे.

अक्काचे एवढ्यावर समाधान नाही. कबुली देऊनही माणूस स्वतःला चांगलाच ठरवून घेतो, असे ती म्हणते आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. त्या दोन रात्री बाबांनी कशा काढल्या, हे मी त्यांना विचारले नाही. कथेत त्याची दोन पाने होती. लेखात “ते माडीवर होते” या वाक्यापुढे मला अजून जाता आलेले नाही.