फळ्यावरची मुंबई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिही, असा निरोप आला. स्नेहसंमेलन, सहली, कबड्डीची ढाल यांवर लिहिणारे पुष्कळ असतील हे धरून मी २७ नोव्हेंबर २००८चा गुरुवार निवडला, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. तेव्हा मी नववीत होतो.

आमच्या साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यातल्या कुठल्याही घरात विचारा, एक तरी माणूस मुंबईला असतोच. कोणी माथाडी, कोणी पोलिसात, कोणी गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेला. राहायला गावकीची खोली, जेवायला खानावळ, आणि गावाकडं फेरी यात्रेला. त्यामुळे आदल्या रात्रीची बातमी आम्हाला टीव्हीनं सांगितलीच नाही. लाइट गेलेली होती, भारनियमन रोजचंच. शेजारच्या तात्यांना मुलाचा फोन आला, "मी खोलीवर पोचलोय, काळजी करू नका." कशाची काळजी, हेच तात्यांना ठाऊक नव्हतं. फोन मध्येच तुटला. मग माणसं देवळामागच्या टेकाडावर गेली, कारण रेंज तिथंच मिळायची. कोणी म्हणे गँगवॉर, कोणी म्हणे बॉम्ब. मुंबईतही सुरुवातीला अनेकांना गँगवॉरच वाटलं होतं, तर आमची काय कथा! लाइट आली तेव्हा टीव्हीवर ताज दिसत होतं. बायामाणसं मात्र एकच विचारत होती, "स्टेशनाचं काय झालं?" आमच्यातलं कोणी ताजमध्ये असायचं कारण नव्हतं, सीएसटीवर कोणीही असू शकत होतं. रात्री दहाच्या सुमाराला तिथं लांबच्या गाड्यांची वाट बघत बसलेल्या लोकांवर दोघांनी गोळ्या झाडल्या होत्या. एकट्या त्या स्टेशनात ५८ माणसं गेली, हा आकडा आम्हाला फार नंतर कळला.

सकाळी शाळा भरली. पहिला तास भूगोलाचा. सरांनी हजेरी घेतली, पण "हजर" म्हणायचं नव्हतं. घरचं कोण मुंबईत कुठं आहे आणि फोन लागला का, ते सांगायचं होतं. मग त्यांनी खडूनं फळ्यावर मुंबई काढली. दक्षिणेकडं निमुळती, पश्चिमेला समुद्र, मधून रेल्वेची रेघ. स्टेशनं लिहिताना त्यांनी मस्जिदनंतर थेट भायखळा लिहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मधी सँडहर्स्ट रोड राहिलं." हा मुलगा गणितात कायम नापास, पण दर मे महिन्यात वडिलांकडं जायचा. सरांनी खडू त्याच्याच हातात दिला. उरलेला नकाशा मुलांनी पुरा केला: चिंचपोकळी, करी रोड, घोडपदेवची चाळ, डॉकयार्ड. ज्याच्या घरी फोन लागला त्याच्या ठिकाणावर बरोबरची खूण. माझ्या चुलत्याच्या पुढं दुपारपर्यंत खूण नव्हती. तो भाऊच्या धक्क्याकडं हमाली करायचा. मोबाइलला चार्जिंग नव्हतं, एवढंच निघालं. संध्याकाळी आजीनं त्याला फोनवरच शिव्या घातल्या.

पाठ्यपुस्तकातला धडा त्या दिवशी झाला नाही. वरून काही बोलणी बसली असतील तर ती सरांनी आमच्यापर्यंत येऊ दिली नाहीत.

गिरगाव चौपाटी आमच्या फळ्यावर नव्हती, कारण तिथं कोणाचंच कोणी नव्हतं, असं आम्हाला वाटत होतं. मग पेपरात नाव आलं: सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, गाव केडंबे, तालुका जावळी. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसात. चौपाटीजवळच्या नाकाबंदीत हातात फक्त लाठी. कसाबच्या एके-४७ची नळी त्यांनी धरली ती सोडली नाही, सगळ्या गोळ्या अंगावर घेतल्या, आणि म्हणून तो जिवंत सापडला. २६ जानेवारी २००९ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२१ साली उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. ही बातमी मी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, तर पहिला प्रश्न आला, "कोळी आपल्याकडं सापडतो का?" सापडला होता ठाण्याकडं.

आमच्या वर्गातले काही जण पुढं पोलीस भरतीला उतरले. ओंबळ्यांचं बघून गेले, असं छापायला बरं दिसेल. खरं कारण नोकरी हेच होतं, आणि त्यात कमीपणा कसला? स्वतः ओंबळेही जावळीतून नोकरीसाठीच बाहेर पडले असणार. भरती झालेल्यांतला एकजण सध्या मुंबईत लोहमार्ग पोलिसात आहे. सँडहर्स्ट रोड सांगणारा तोच.