बालीत माकड चावलं, रेबीज लसीचे उरलेले डोस बेळगावात

उबुदला माकड पोटरीला चावलं आणि रक्त आलं. रक्त आलेला चावा म्हणजे रेबीजच्या धोक्याची तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी. त्यात जखम धुणं, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हे तिन्ही लागतं. धुणं म्हणजे नळाच्या धारेखाली साबण लावून १५ मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट यातलं काही जखमेत भरू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि माकडांच्या हर्पिस बी विषाणूबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं.

तिथे पहिल्याच दिवशी दोन्ही दंडांत एकेक लस दिली. पुढच्या ७व्या आणि २१व्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिन मात्र त्या दवाखान्यात नव्हतं.

खरी घालमेल बेळगावला परतल्यावर सुरू झाली. आपल्याकडे स्नायूत देतात ती लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, आणि कातडीत देतात ती ०, ३, ७, २८ ला. माझं कार्ड बघून ओळखीचे एकजण म्हणाले, ‘तिसऱ्या दिवसाची सुई चुकली की हो तुमची!’ झालं, त्या रात्रीची झोप उडाली. पण काही चुकलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी दोन, मग एक, मग एक, ही झाग्रेब पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेला ती मान्य आहे, इंडोनेशियात तीच चालते. सुरू केलेली पद्धतच शक्यतो पूर्ण करायची. डोसला उशीर झाला तरी तो लगेच घेऊन पुढे जायचं, पहिल्यापासून सुरुवात नको. म्हणून लसीचं नाव, तारीख, स्नायूत की कातडीत, हे सगळं परदेशातच लिहून घ्या आणि सिव्हिलच्या केसपेपरला तो कागद जोडा.

इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या लसीपासून ७ दिवसांच्या आतच घेता येतं; पुढे शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागतं. मात्रा वजनावर ठरते: माणसाच्या रक्तापासून केलेलं किलोला २० युनिट, घोड्याचं ४०. म्हणजे ६० किलोला १२०० किंवा २४००. ते जखमेत आणि तिच्या कडेने मावेल तेवढं भरतात. दुखतं, आणि नंतर तिथे मुंग्याही येतात. नेमकी याच मुंग्यांची धास्ती बसते, कारण चाव्याच्या जागी मुंग्या येणं हे रेबीजचंही सुरुवातीचं लक्षण असतं.

रेबीजमध्ये पाणी गिळता येत नाही हे डोक्यात बसलेलं, त्यामुळे पाण्याचा पेला तोंडाशी नेला की माझा घसा आवळल्यासारखा वाटायचा. भीतीने आवळलेला घसा गप्पांत रमलं की मोकळा होतो आणि आठवण झाली की परत आवळतो. रेबीजची लक्षणं अशी महिनोन्‌महिने येत-जात नाहीत, दिवसागणिक वाढतात. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावं, पेला घेऊन घरी परीक्षा बघत बसू नये. लक्षणांआधी ‘विषाणू आहे का’ सांगणारी रक्ततपासणीच नाही. बंगळूरच्या निम्हान्स या सरकारी संस्थेत होते ती चाचणी लसीनंतरच्या प्रतिपिंडांची, आणि धडधाकट माणसाला सहसा तिची गरज पडत नाही. झोपच येत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

‘दहा दिवस जनावरावर लक्ष ठेव’ हा सल्ला फक्त कुत्र्या-मांजराला लागू, माकडाला नाही. आणि कुत्रं असलं तरी लस त्याच दिवशी सुरू करायची.

कार्ड पासपोर्टसोबत ठेवलंय. पुन्हा चावलं तर ० आणि ३ या दिवशी दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पण कोर्स पूर्ण झाल्याचा कागद दाखवावा लागतो.