सहकारी बँक अवसायनात गेली की ठेवीदाराने काय करावं

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांच्या कपाटात सहकारी बँकेची एखादी पावती हमखास सापडते. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली याच शहरात अन्योन्य सहायकारी मंडळी काढली, तेव्हापासूनचा हा विश्वास आहे. म्हणूनच परवाना रद्द झाल्याची बातमी आली की माणसं हबकतात आणि ‘कोर्टात काय होतं ते बघू’ म्हणत थांबतात. थांबू नका, पहिले तीन महिने फार मोलाचे असतात.

परवाना रिझर्व्ह बँक रद्द करते, पण बँक मोडीत काढायचं काम राज्याच्या सहकारी निबंधकांचं. गुजरात सहकारी संस्था अधिनियम, १९६१ च्या कलम १०७ खाली अवसायनाचा, म्हणजे बँक मोडीत काढण्याचा, आदेश निघतो आणि ते काम पाहायला अवसायक नेमला जातो. आपल्याकडे त्याला फडचा अधिकारी म्हणतात. आदेशानंतर बँकेवर दावा लावायचा तर निबंधकांची परवानगी लागते. उच्च न्यायालयात विषय जातो तो रिट याचिकेतून: लिलाव नियमाने झाला का, अवसायकाने अधिकार ओलांडला का. तुमच्या खात्यात किती होते याचा हिशोब अवसायकाच्या टेबलावरच होतो. तेव्हा वकील गाठण्याआधी त्याला गाठा.

कारभार हाती घेतल्यापासून ३ महिन्यांत अवसायकाने ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाला (बँकांतल्या ठेवींना विमा देणारी संस्था, डीआयसीजीसी) द्यायची असते. यादी मिळाल्यावर २ महिन्यांत महामंडळ पैसे देतं. परवाना शाबूत आहे पण पैसे काढण्यावर निर्बंध आलेत, अशा वेळी विम्याचे पैसे देण्यासाठी कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने ९० दिवसांची मुदत घातली आहे. त्यासाठी संमतीपत्र, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक द्यावा लागतो.

विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, तीही मुद्दल आणि व्याज मिळून. मुद्दल ४,९५,००० आणि व्याज ४,००० असेल तर ४,९९,००० मिळतात. मुद्दलच ५ लाख असेल तर व्याज विम्याबाहेर. मांडवीच्या शाखेत तीन लाख आणि मांजलपूरच्या शाखेत तीन लाख, दोन्ही एकाच्याच नावावर, तर सहा धरून पाचच मिळतात. संयुक्त खातं मात्र वेगळं मोजतात. पहिलं नाव आईचं आणि दुसरं मुलाचं असलेलं खातं आणि उलट क्रमाचं खातं, या दोन्हींना स्वतंत्र ५ लाखांचं संरक्षण मिळतं. कर्जाची थकबाकी असेल तर ती आधी वजा होते.

घोडं अडतं ते बहुतेक नावापाशी. पावतीवर माहेरचं नाव, पॅनवर लग्नानंतरचं, आधारवर आडनावाचं गुजराती वळणाचं स्पेलिंग. खातेदार वारलेले आणि नामनिर्देशन कोरं, किंवा नामनिर्देशित व्यक्तीही हयात नाही. अज्ञान मुलाच्या नावची ठेव, मुलगा आता तीस वर्षांचा. अशा प्रकरणांना विवाह नोंदणीचा दाखला, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, कधी वारसा प्रमाणपत्र लागतं. हे कागद जमवायला महिने जातात, म्हणून सुरुवात आजच करा.

पाच लाखांवरच्या रकमेसाठी अवसायकाकडे लेखी दावा दाखल करा. पावतीची छायाप्रत जोडा, मूळ पावती जपा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. थकीत कर्जांच्या वसुलीतून अवसायनाचा खर्च जातो, मग विमा महामंडळाने दिलेल्या पैशांची परतफेड, आणि त्यानंतर या दाव्यांची पाळी. वर्षं लागतात. कर्ज घेताना कापून घेतलेल्या शेअरच्या रकमेला विमा नाही आणि ती रांगेत सर्वांत शेवटी येते.

क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला हा विमा मुळीच नाही. तिथे जादा व्याजाच्या मोहाने निवृत्तीची पुंजी ठेवणं मला धोक्याचं वाटतं. सोसायटी बहुराज्यीय, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, असेल तर २००२ चा बहुराज्यीय सहकारी संस्था कायदा लागतो आणि अवसायनाचा आदेश दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडून निघतो. सहाराच्या चार बहुराज्यीय सोसायट्यांत अवसायनाऐवजी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०२३ ला सेबी-सहारा खात्यातले ५,००० कोटी परताव्यासाठी वळवले आणि निवृत्त न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्याकडे देखरेख दिली. या परताव्याच्या ऑनलाइन पोर्टलवरही आधारशी जोडलेला मोबाईल आणि बँक खातं असल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.