काउंटरमागची पुस्तकं

सोमवार

आमच्या ग्रंथालयाच्या शाखेत काही पुस्तकं कपाटात नसतात, काउंटरच्या मागे असतात. दुर्मिळ ग्रंथ वगैरे नाहीत ते. स्ट्रीट फिक्शन, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या ड्रग्ज, टोळ्या, तुरुंगाच्या कादंबऱ्या. यांचं साहित्य म्हणून मूल्य काय, हा जुना वाद. सिस्टर सोल्जाचं 'द कोल्डेस्ट विंटर एव्हर', तेरी वुड्सचं 'ट्रू टू द गेम', डोनाल्ड गोइन्सची दोन-चार. कपाटात ठेवली की नोंद न होताच गायब होतात, म्हणून मागे. हवी तर आमच्याकडे मागायची, सही करून न्यायची. परत येतात तेव्हा कणा खिळखिळा, कोपरे दुमडलेले, कुणाची तरी पगाराची चिठ्ठी मधेच राहून गेलेली. आज विंटरच्या एका प्रतीची पहिली वीस-पंचवीस पानं सुटून हातातच आली. गोंद लावून वर जाडजूड शब्दकोश ठेवला. नोबेलवाल्या टोनी मॉरिसनची प्रत मात्र आली तशी करकरीत आहे.

हे वाक्य मी मोठ्याने बोलायला नको होतं. आमच्या ज्येष्ठ ग्रंथपाल बाजूलाच उभ्या होत्या. स्वतः कृष्णवर्णीय, साठी उलटलेल्या, रविवारी चर्चमध्ये कॉयरला उभ्या राहणाऱ्या. मी इथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली तरी वडीलधाऱ्या सहकारी बाईंना नावाने हाक मारणं जिभेवर येत नाही. बाईंच्या खणात एका लेखाची झेरॉक्स आहे. नवीन कुणी रुजू झालं की ती वाचायला देतात. निक चाइल्स नावाच्या कृष्णवर्णीय लेखकाने जानेवारी 2006 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेला लेख. अटलांटाजवळच्या लिथोनियात बॉर्डर्स या पुस्तकांच्या दुकानात तो गेला, आफ्रिकन-अमेरिकन साहित्याच्या विभागापाशी आला, तर समोर नुसती अर्धवट कपड्यातली मुखपृष्ठं. त्याच फळ्यांवर आपलीही पुस्तकं बघून त्याला शरम वाटली. लेखाचा मथळाही झणझणीत. झोरा नील हर्स्टनच्या 1937 च्या गाजलेल्या कादंबरीचं नाव वाकडं करून 'त्यांचे डोळे घाण वाचत होते' अशा अर्थाचा.

बाईंचा राग त्याच्याहून जुना आहे. त्या म्हणतात, "1740 साली साउथ कॅरोलिनात आम्हाला लिहायला शिकवणं हा गुन्हा होता. लोक चाबूक खाऊन अक्षरं शिकले. ते कशासाठी? हे वाचायला?"

यावर मला पटकन उत्तर सुचत नाही. कुणाला सुचेल?

पण घरी येताना गाडीत चाइल्सचा लेख पुन्हा डोक्यात घोळला आणि वाटलं, अरे, ही तक्रार पुस्तकांबद्दल जितकी आहे तितकीच फळीबद्दल आहे. गोऱ्या लेखकाची खुनाची गोष्ट रहस्यकथांत जाते, प्रेमाची गोष्ट प्रणयकथांत, नोबेलवाला अभिजात साहित्यात. त्यांच्यातला कुणी शेजारच्या विभागातल्या भडक मुखपृष्ठामुळे शरमत नाही. कृष्णवर्णीय लेखक असला की कविता, संशोधन, टोळीयुद्ध, शृंगार सगळं एका फळीवर, का तर कातडी एक. दुकानदाराने ही चाळ बांधली आणि भाडेकरू एकमेकांच्या अंगावर धावून गेले. बॉर्डर्स 2011 ला बंद पडलं. भांडण चालूच आहे.

बुधवार

आज फार काही घडलं नाही. दुपारी गोइन्सचं 'डोपफीन्ड' घेऊन बसले.

माणूस डेट्रॉइटचा, जन्म 1936. वय खोटं सांगून हवाई दलात गेला, कोरियन युद्धाच्या काळात, आणि परतला तो हेरॉइनचं व्यसन घेऊन. मिशिगनच्या जॅक्सन तुरुंगात आइसबर्ग स्लिमची पुस्तकं त्याच्या हाती पडली. आइसबर्ग स्लिमचं, म्हणजे रॉबर्ट बेकचं, 'पिम्प' हे आत्मकथन 1967 चं. गोइन्सने तुरुंगातच लिहायला घेतलं. 1971 ला पहिलं पुस्तक बाहेर आलं आणि ऑक्टोबर 1974 मध्ये त्याला आणि त्याच्या जोडीदारणीला घरात घुसून कुणीतरी गोळ्या घातल्या. मारेकरी सापडले नाहीत. एवढ्या थोड्या काळात सोळा कादंबऱ्या. त्यातल्या काही अल सी. क्लार्क या टोपणनावाने, कारण एकाच नावाने किती पुस्तकं बाजारात ओतायची?

प्रकाशक होते लॉस एंजेलिसचे हॉलोवे हाउस. मालक गोरे.

हे वाचलं की 'मूल्य काय' या प्रश्नाचा अर्थच बदलतो. मूल्य कुणाला? लिहिणाऱ्याला किती, विकणाऱ्याला किती? म्हणूनच नव्वदीनंतरची पिढी मला जास्त रोचक वाटते. तेरी वुड्स फिलाडेल्फियात वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी होती. प्रकाशकांनी नकार दिल्यावर तिने स्वतः पुस्तकं तयार केली आणि गाडीच्या डिकीतून विकली. ओहायोतल्या कोलंबसची विकी स्ट्रिंगर अंमली पदार्थांच्या गुन्ह्यात संघीय तुरुंगात होती, तिथे तिने कादंबरी लिहिली. 26 प्रकाशकांनी परत पाठवली. मग तिने स्वतः छापली आणि पुढे ट्रिपल क्राउन ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढून दुसऱ्यांचीही छापू लागली. वाहिदा क्लार्कने तुरुंगात लिहिलं. शॅनन होम्सनेही. हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, 125 व्या रस्त्यावर फुटपाथला टेबलं लावून ही पुस्तकं विकली जात होती आणि मोठ्या प्रकाशनगृहांनी ती तिथे पाहून नंतर करार केले. न्यूयॉर्कमध्ये छापील मजकूर रस्त्यावर विकायला परवाना लागत नाही, 1982 पासून. तो नियम नसता तर या पुस्तकांपैकी अर्धी तरी कुठे पोहोचली असती कोण जाणे.

आणि त्या काळात तुरुंग इतके भरलेले का होते, हेही लिहून ठेवते, कारण चर्चेत ते कुणी काढत नाही. 1986 च्या कायद्याने विकायला ठेवलेलं पाच ग्रॅम क्रॅक, म्हणजे कोकेनचे खडे, सापडलं तर किमान पाच वर्षं आत. पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर साखर. तेवढीच शिक्षा व्हायला पावडर कोकेन मात्र पाचशे ग्रॅम लागायचं. क्रॅकच्या खटल्यांत कोण होतं आणि पावडर कुठल्या वस्तीत जास्त चालायची, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. 2010 ला पाचाचे अठ्ठावीस ग्रॅम झाले, बस. एका कायद्याने वस्त्या रिकाम्या केल्या आणि कोठड्या भरल्या. कोठडीत वेळच वेळ. तिथून वह्या भरून बाहेर आल्या तर आपण विचारणार, यात एवढा तुरुंग का?

एक बचाव मात्र मला सहन होत नाही. 'निदान वाचतात तरी.' मागे एका प्रशिक्षणात एका गोऱ्या गृहस्थांनी हे फार मायेने म्हटलं. आमच्याकडची एक वाचक महिन्याला सहा-सात कादंबऱ्या संपवते, रात्रपाळीच्या बसमध्ये. हे गृहस्थ किती संपवतात ते विचारायचं राहिलं.

शुक्रवार, रात्री उशिरा

मामाचा फोन. तो सत्तरच्या आसपास औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकला. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परत आले आणि इथल्या काळ्या माणसांच्या साहित्याकडे त्यांनी नागसेनवनातल्या पोरांचं लक्ष वेधलं, त्या हवेत वाढलेला. त्यामुळे माझं बोलणं संपायच्या आतच तो म्हणाला, "अगं, हे तर ढसाळ. गोलपिठा."

अपेक्षितच होतं. 1966 ला ओकलंडात ब्लॅक पँथर, 1972 ला मुंबईत दलित पँथर, आणि त्याच वर्षी 'गोलपिठा'. कामाठीपुऱ्याची भाषा छापून आली आणि पांढरपेशा वाचकाला निम्मे शब्द कळेनात. धागा खराच आहे, ओढूनताणून आणलेला नाही.

पण मी त्याला म्हटलं, "मामा, गोलपिठ्याला तेंडुलकरांची प्रस्तावना होती. ते आधी ढसाळांबरोबर ती वस्ती पायी फिरून आले. आज ते पुस्तक परिसंवादात वाचलं जातं. रात्रपाळीच्या बसमध्ये कुणी वाचतं का? वाचणाऱ्यांच्या हिशेबाने बघ, ही पुस्तकं बाबूराव अर्नाळकरांच्या घरातली आहेत."

मामा हसला. "अगं, आम्ही दोन्ही वाचत होतो. एक उघड, एक उशीखाली."

कुठलं उशीखाली ते सांगितलं नाही त्याने.

स्ट्रीट फिक्शनला तिचा तेंडुलकर भेटला नाही हे मात्र खरं. भेटला तो कृष्णवर्णीय कादंबरीकार पर्सिव्हल एव्हरेट, आणि तो उलट्या बाजूने. 2001 च्या 'इरेजर'मध्ये एक विद्वान कृष्णवर्णीय लेखक वैतागून टोपणनावाने वस्तीतल्या भडक आयुष्याची खोटी कादंबरी लिहितो आणि प्रकाशक तिच्यावर तुटून पडतात. सिनेमाही निघाला, 'अमेरिकन फिक्शन', ऑस्करही मिळालं. मामाने तो पाहिलाय, त्यामुळे त्याला वाटतं प्रश्न सुटला. मला नाही वाटत. एव्हरेटचा नेम गोऱ्या प्रकाशकांच्या आणि वाचकांच्या भुकेवर आहे, आणि तो अचूक लागतो. पण तेरी वुड्सच्या डिकीपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकात गोरं कोण होतं? ती पुस्तकं गोऱ्यांना 'अस्सल काळेपणा' दाखवायला लिहिलीच नव्हती. शेजारणीने शेजारणीला दिली होती.

झोप येईना म्हणून जुनं काही पुन्हा चाळलं. 1927 ला लँग्स्टन ह्यूजच्या कवितासंग्रहाला पिट्सबर्ग कुरिअरने कचरा म्हटलं. पिट्सबर्ग कुरिअर म्हणजे कृष्णवर्णीयांचंच वर्तमानपत्र! पुढल्या वर्षी क्लॉड मके या कृष्णवर्णीय लेखकाचं 'होम टु हार्लेम' आलं, खपलं, आणि कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांनी 'द क्रायसिस' मासिकात लिहिलं की यातली घाणेरडी पानं वाचल्यावर आंघोळ करावीशी वाटली. ड्यू बॉइस! तेव्हाही आक्षेप तेच होते: दारू, बायका, जुगार, गोरे काय म्हणतील. आज मके विद्यापीठात शिकवला जातो, ह्यूज शाळेत.

दुपारी बाईंना हे दाखवलं होतं. त्यांच्या टेबलावर ड्यू बॉइसचा फोटो आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "मग? त्यांचं काय चुकलं?"

रविवार

काल वाचकगटाची बैठक. पुस्तक विंटरचंच. नेहमीपेक्षा दुप्पट माणसं, खुर्च्या बालविभागातून आणाव्या लागल्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोघी, एक बसचालक बाई, कम्युनिटी कॉलेजातली एक मुलगी, एक निवृत्त पोस्टमन. आणि मागच्या रांगेत हाताची घडी घालून बाई.

विंटर सँटिआगा ही ब्रुकलिनच्या सरकारी वसाहतीतल्या ड्रगमालकाची थोरली लेक. बाप पकडला जातो, पैसा जातो, आणि ती शेवटपर्यंत कपडे, बॅगा आणि पुरुष यांच्या हिशेबातच जगते. गंमत म्हणजे सोल्जाने स्वतःलाच या कादंबरीत पात्र म्हणून घातलंय. ती समाजकार्य करते, मुलींना समजावते, व्याख्यानं देते. आणि विंटरला ती असह्य वाटते. सारी कादंबरी विंटरच्या तोंडून, त्यामुळे लेखिकेचा उपदेश आपल्याला जांभया देणाऱ्या मुलीच्या कानांनी ऐकावा लागतो. या पुस्तकाचं मूल्य काय, हे भांडण पुस्तकाच्या आतच लावून ठेवलेलं आहे आणि त्यात लेखिकेने स्वतःला हरू दिलंय. हे धाडस मी भल्याभल्या साहित्यिकांत पाहिलेलं नाही.

बसचालक बाई म्हणाल्याच, "ती सोल्जा बोलायला लागली की मी पानं उलटायचे." सगळे हसले. मागून बाई नाही हसल्या.

खरा वाद पेटला शेवटावरून. विंटरला पंधरा वर्षांची शिक्षा झालेली. आईच्या अंत्यविधीला तिला तुरुंगातून आणतात. तिथे धाकटी बहीण पोर्शा झोकात उतरते. तीच गाडी, तसाच पुरुष, तीच वाट. विंटरला सगळं दिसतं. ती बोलत नाही.

"मी असते तर कानफटात दिली असती," शुश्रूषेवाल्यांतली एक.

"आणि तिने ऐकलं असतं?" दुसरी. "तुम्ही ऐकलंत, तुमच्या बहिणीचं?"

पोस्टमनकाकांचं म्हणणं, विंटरला बोलायचा हक्कच उरला नव्हता. कॉलेजातली मुलगी म्हणाली, हक्काचा प्रश्न नाही, तिला हेवा वाटला. यावर खोलीत एकदम कलकलाट. मला ते उत्तर फार बरोबर वाटलं, पण मी चालवणारी, गप्प बसले. मग बाईंनी मागून विचारलं, "यातून तुम्ही शिकलात काय?" आणि ती मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅम, मी शिकायला नव्हतं घेतलं. मला ती ओळखीची वाटली."

बाईंना राग येईल असं वाटलं होतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, पुढच्या महिन्याचं पुस्तक मी निवडणार. अ‍ॅन पेट्रीचं 'द स्ट्रीट', 1946 चं. हार्लेमच्या 116 व्या रस्त्यावर एकटीने मुलगा वाढवणारी ल्यूटी जॉन्सन. कृष्णवर्णीय लेखिकेची दहा लाखांवर खपलेली पहिली कादंबरी. बसचालक बाईंनी नाव ऐकून लगेच म्हटलं, "म्हणजे आमच्यातलंच की!"

खुर्च्या परत लावताना मी बाईंना म्हटलं, अहो, पण त्यातही ल्यूटी शेवटी खून करते, पोराला मागे टाकते आणि शिकागोची गाडी पकडते. त्यातून तरी कोण काय शिकणार?

बाई म्हणाल्या, "पण वाक्यं बघ."

आज सकाळी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाक्यं बघितली. बऱ्याच ठिकाणी बाईंचं खरं आहे. पेट्रीच्या पहिल्याच पानावरचा वारा अख्खा रस्ता झोडपून काढतो. सोल्जा जिथे उपदेश करते तिथे तिचं वाक्य फरफटतं. विंटर बोलते तिथे नाही. उद्या बाईंना तीच पानं काढून दाखवणार आहे, खुणा घालून ठेवल्यात.