२५ हजारात नवा लॅपटॉप नको, जुना ऑफिसवाला घ्या

बहिणीच्या मुलीला यंदा बीसीएसला (कॉम्प्युटर सायन्सला) अ‍ॅडमिशन मिळाली आणि लगेच लॅपटॉपचा विषय निघाला. दाजींचं बजेट २५ हजार, आणि दुकानात त्यांना नवाकोरा, पातळ, चंदेरी लॅपटॉप दाखवलेला, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. मी म्हटलं दाजी हा अजिबात घेऊ नका. विंडोज ११ ची स्वतःची किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे, म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासून काठावर, त्यात पोरगी क्रोमच्या दहा टॅब उघडणार, एक्लिप्स (प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) चालवणार, पुढे मोबाइल अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ लागलं तर ८ जीबीच्या खाली काही खरं नाही. आणि असल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज आणि बऱ्याचदा रॅम पण बोर्डवर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) असते, नंतर वाढवायची सोयच नाही.

त्याच पैशात, किंबहुना त्याहून कमी पैशात, कंपन्यांमधून निघालेला बिझनेस लॅपटॉप मिळतो. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५, ही तिन्ही साधारण २०१८ ची मॉडेल्स. आयटी कंपन्या लॅपटॉप बहुतेक तीन-चार वर्षांच्या लीजवर घेतात, लीज संपली की सगळा लॉट परत जातो आणि तो लॉट व्यापारी उचलतात, तिथून मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एसपी रोड आणि आता ऑनलाइन पण. नवे असताना हे लॅपटॉप आपल्यासारख्यांच्या बजेटच्या बाहेर होते. बिजागरी दणकट, कीबोर्ड मस्त, आणि मागचं कव्हर उघडलं की रॅमचे दोन स्लॉट आणि बदलता येणारी एसएसडी (स्टोरेजची चिप). मी बघत होते तेव्हा ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडीवाले साधारण १६ ते २२ हजारांच्या मध्ये होते. पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, त्यामुळे "आत्ता ८ घेऊ, नंतर वाढवू" असं करण्यापेक्षा दुकानदाराकडूनच १६ जीबी टाकून मिळत असेल तर तो भाव आधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार म्हणतो "ताई, आय५ आहे" (इंटेलच्या प्रोसेसरचं नाव), तर त्या वाक्याला काहीही अर्थ नाही, कारण २०१२ चा पण आय५ आहे आणि कालचा पण आय५ आहे. पूर्ण नंबर विचारायचा. आय५-८२५०यू किंवा ८३५०यू असेल तर सुरुवातीचा ८ म्हणजे आठवी जनरेशन, आणि आपल्याला त्याच्या खाली जायचं नाही. कारणं दोन आहेत. एक म्हणजे सातव्या जनरेशनच्या यू-वाल्या आय५ ला (७३००यू वगैरे) कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, दोनच होते, आठवीत ते थेट चार झाले, हा फरक रोज वापरताना जाणवतो. दुसरं, विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृत चालतं (सातवीतले अगदी मोजके अपवाद आहेत, ते सोडून द्या). सहावी-सातवीवाल्या मशीनवर व्यापारी चेक बायपास करून विंडोज ११ टाकून देतात आणि ते चालतं सुद्धा, पण अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यांना विंडोजऐवजी लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टम) चालणार आहे त्यांनी मात्र टी४७० किंवा लॅटिट्यूड ७४८० खुशाल घ्यावा, लिनक्स मिंट त्यावर छान पळतं आणि भाव अजून खाली.

मॉडेलच्या नावातलं एक अक्षर पण बघा. टी४८० ला रॅमचे दोन स्लॉट आहेत, टी४८०एस ला एकच स्लॉट आणि बाकीची रॅम सोल्डर, आणि एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच सोल्डर. दिसायला कार्बन देखणा आहे हे मान्य, पण विद्यार्थ्याला चार वर्षं काढायची आहेत, मी स्लॉटवालाच घेईन.

स्क्रीनच्या बाबतीत जाहिरातीत नुसतं "१४ इंच" लिहितात. टी४८० मध्ये १३६६ बाय ७६८ वाला फिकट पॅनल पण यायचा, जरा बाजूने बघितलं की रंग पार बदलतात. १९२० बाय १०८० आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग टिकवणारा पॅनल) आहे का हे विचारूनच पुढे बोला, आणि पांढरा फोटो फुल स्क्रीन लावून डाग बघा. कीबोर्डवर स्टिकर आहेत का ते पण बघा, परदेशातून आलेल्या लॉटमध्ये जर्मन, अरबी लेआउट असतात, त्यावर स्टिकर चिकटवून विकतात.

दुकानात गेलात की घाई करू नका, अर्धा-पाऊण तास लागतोच. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करा, एक फाइल तयार होते, तीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा. टचपॅड वर उचललेला वाटला किंवा खालचं कव्हर फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय, तो पीस तिथेच ठेवा. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो, फुकट आहे, हेल्थ आणि किती तास चालली ते लगेच सांगतं. विंडोज खरं आहे का बघायला एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr), त्यात पर्मनंट आलं तर निदान मुदतीची भानगड नाही, पण पुढची एखादी तारीख दाखवली तर तो कंपनी लायसन्सचा जुगाड आहे, साधारण १८० दिवसांचा.

पण ज्याने लोक खरोखर अडकतात ती गोष्ट वेगळीच आहे, लॉक. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) जाऊन बघाच (चालू करताना थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०), पासवर्ड मागितला तर घेऊ नका. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड (बायोसचा मुख्य पासवर्ड) मदरबोर्डवरचा सेल काढून जात नाही, लेनोवोच्या म्हणण्याप्रमाणे मदरबोर्ड बदलणं हाच उपाय. दुसरं लॉक विंडोज ऑटोपायलटचं. कंपनीने मशीन आपल्या नावावर नोंदवलेली असते आणि विकताना नोंद काढलेली नसते, आज सगळं नीट चालतं, पण सहा महिन्यांनी विंडोज रिसेट केलं आणि वायफाय जोडलं की समोर त्या कंपनीचा लॉगिन येतो. म्हणून दुकानातच मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन रिसेट करायला लावा. आम्ही भाचीसाठी बघितलेल्या पहिल्या पीसला असंच झालं, स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव, आणि दुकानदार भाचीला म्हणे "मावशींना कशाला दाखवतेस, मी घरी पाठवतो ना नीट करून." आम्ही उठून दुसरीकडे गेलो. ज्या कंपनीने नोंद केली तिनेच ती काढायची असते, दुकानदाराच्या हातात ते नाही.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो लॅपटॉपखालच्या आणि बायोसमधल्या नंबरशी जुळतो का बघा. सहा महिने-वर्षाची वॉरंटी कशाकशाला आहे ते बिलावरच लिहून द्यायला सांगा, बॅटरी आणि अ‍ॅडॅप्टर बऱ्याचदा त्यातून हळूच वगळलेले असतात. डेलला डुप्लिकेट अ‍ॅडॅप्टर दिला तर चालू होताना वॉर्निंग येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर पण मंद चालतो, तेव्हा चार्जर लावून बंद-चालू करून बघा.

गेमिंग किंवा जड व्हिडिओ एडिटिंगसाठी मात्र यातलं काही घेऊ नका, ग्राफिक्स साधंच आहे.

आणि टी४८० घेतलात तर घरी आल्यावर आधी लेनोवोच्या साइटवरून थंडरबोल्टचं (टाइप-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, मग बाकीचं इन्स्टॉल करत बसा. त्या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये जुन्या फर्मवेअरमुळे टाइप-सी पोर्ट बिघडायचा, आणि टी४८० चार्ज होतो तो टाइप-सीवरच.